कंबरदुखीसाठी बर्ड-डॉग: पाय उंच नेण्याची घाई नको

सकाळी उठल्या उठल्या पुढे वाकून पायाचे अंगठे धरू नका. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. पहिला तासभर वाकण्याचा ताण त्यांना जास्त जाचतो.

त्याऐवजी कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल सुचवतात तो बर्ड-डॉग नावाचा व्यायाम दुपारी किंवा संध्याकाळी करा. सतरंजीवर रांगत्या बाळासारखे व्हा: तळहात खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली. कोणी पोटात बोट खुपसणार आहे असं समजून पोट हलकं ताठ ठेवा, श्वास मात्र चालू. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, टाचेने भिंत ढकलल्यासारखा. 10 सेकंद. मग हात आणि गुडघा जमिनीलगत आत आणून पुन्हा ताणा. प्रत्येक बाजूला 6 वेळा, थोडं थांबून 4, शेवटी 2.

बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. पाय पाठीच्या रेषेच्याही वर जातो, कंबर खोलगट होते आणि दुखरा भागच दाबला जातो. कमरेवर स्टीलची रिकामी वाटी ठेवून बघा. घसरली तर पाय खाली घ्या. तरी जमेना, तर काही दिवस नुसता पायच, हात नको.

पाय बधिर होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर व्यायाम नाही, लगेच डॉक्टर.