एकच असलं तरी गाजर

"इचिजिकु, निन्जिन, सान्शो, शिइताके, गोबो..." गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलेला नातू मोठमोठ्यांदा काहीतरी घोकत होता. मला आधी मंत्रच वाटला. लेक स्वयंपाकघरातून म्हणाली, "मंत्र कसला, भाजीबाजार आहे तो. दहापर्यंत मोजल्याशिवाय टबाबाहेर यायचं नाही."

तोक्योला लेकीकडे तीन महिने राहिले, त्यातल्या पहिल्याच आठवड्यातली ही गोष्ट. इचिजिकु म्हणजे अंजीर. त्यात इचि, म्हणजे एक, दडलेला. निन्जिन म्हणजे गाजर, त्यात नि, म्हणजे दोन. सान्शो ही आपल्या तिरफळाची चुलतबहीण, जिभेला तशाच मुंग्या आणणारी. सान म्हणजे तीन. शिइताके अळंबी चौथी, गोबो हे जमिनीत हातभर खाली जाणारं मूळ पाचवं. सहाला कुणी मुकागो म्हणतं, म्हणजे वेलीवर लागणारे इवलेसे कंद. कुणी म्हणतं रोसोकु, म्हणजे चक्क मेणबत्ती! सातला सात रानपाल्यांची नानाकुसा, नाहीतर शिचिरिन, कोळशाची शेगडी. भाजीच्या पाटीत शेगडी कशी आली, हे विचारायचं नाही. आकडा जुळला की झालं. दहाला तोगान, म्हणजे कोहळा, आणि नातू टबाबाहेर.

अशा गाण्यांना तिथे 'काझोए-उता' म्हणतात, मोजणीची गाणी. आकडे शिकायला ती असतील असं मला वाटलं होतं. पण आकडे येत असल्याशिवाय त्यांची गंमतच कळत नाही. आकडा ही नुसती खुंटी. तिच्यावर कुणी काय टांगावं, याला धरबंध नाही.

खुंट्या मात्र भरपूर, कारण जपानीत आकड्यांची दोन घराणी आहेत. इचि, नि, सान हे चीनकडून आलेलं. हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु हे घरचं. घरच्या आकड्यांत एक नक्षी आहे. हि आणि फु, मि आणि मु, यो आणि या: एक-दोन, तीन-सहा, चार-आठ. दुप्पट झाली की स्वर बदलतो. (हि आणि फु मध्ये व्यंजन वेगळं दिसतं खरं, पण जपानी वर्णमालेत दोन्ही एकाच ओळीत बसतात.) हे कळलं त्या दिवशी मी भांडी घासताना तासभर मि-मु, यो-या करत होते. शिवाय चाराला 'शि' म्हणावं तर मरणालाही 'शि', म्हणून बरेचदा तिथे 'योन' येतो. आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचे, त्याची आठवण झाली.

नव्या वर्षाचं जुनं गाणं 'हितोत्सु तो या' घरच्या आकड्यांवर चालतं. 'हितोत्सु'ला 'हितोयो', एक रात्र: रात्र सरली, सगळीकडे गजबज झाली, दारी पाइनच्या फांद्या सजल्या. 'फुतात्सु'ला 'फुताबा', पाइनची जोडपानं. मुली फळीने पिसांचं फूल उडवत किंवा दोऱ्याचा चेंडू आपटत हे गात. चाल सोपी, कुणालाही येणारी. मग शहाणी माणसं ती सोडतात होय? १८८७ साली बालवाड्यांसाठी सरकारी गीतसंग्रह निघाला, त्यात याच 'हितोत्सु'ला आईबापांचे उपकार विसरू नका असा उपदेश बसवला. पण त्याच्याही आधी तोसा प्रांतातल्या उएकी एमोरीने लोकांच्या हक्कांसाठी मोजणीचं गाणं रचलं होतं. त्याच्या 'हितोत्सु'ला 'हितो', माणूस: माणसाच्या वर माणूस नाही. एकच खुंटी, एकाने तिला छडी अडकवली, दुसऱ्याने झेंडा. मला विचाराल तर मुलींचं पाइनच सगळ्यांत सुंदर.

चेंडूच्या आणखी एका गाण्यात देवळं मोजतात. दोनला निक्को, चारला शिनानोचं झेन्कोजी, पाचला इझुमो, सातला नारिता, नवाला कोबो या बौद्ध साधूचं कोया डोंगरावरचं ठिकाण. तीनला मात्र देऊळ नाही, साकुरा भागातला सोगोरो आहे. करांनी पिचलेल्या गावकऱ्यांचं गाऱ्हाणं त्याने थेट शोगुनपर्यंत, म्हणजे देश चालवणाऱ्या सरसेनापतीपर्यंत नेलं आणि जीव गमावला, अशी त्याची कथा. दहा पुरे झाल्यावर गाणं म्हणतं, एवढे नवस बोललो, आता तरी नामिकोचं दुखणं बरं होईल. ही नामिको कादंबरीतली. तोकुतोमी रोकाच्या १८९८ पासून छापल्या गेलेल्या 'होतोतोगिसु'ची क्षयाने खंगलेली नायिका. कादंबरीत ती वाचत नाही. तरी अंगणात चेंडू आपटणाऱ्या पोरी तिच्यासाठी दहा ठिकाणी हात जोडत राहिल्या. हे ऐकून मी जरा गप्पच झाले.

मग नातवाने मला पार्कात नेलं. राज्य घेणारा झाडाकडे तोंड करून म्हणतो, 'दारुमा-सान गा कोरोन्दा', दारुमा पडले, आणि झर्रकन वळतो. हललेला दिसला तो बाद. यात मोजणी कुठे आहे, म्हणून बोटांवर धरून पाहिलं. दा-रु-मा-सा-न-गा-को-रो-न-दा. बरोब्बर दहा! आकडा एकही न उच्चारता दहा मोजून होतात. दारुमा म्हणजे आपला बोधिधर्मच. ओसाकाकडची मुलं त्याला सोडून 'बोन्सान गा हे ओ कोइता' म्हणतात. अर्थ: भिक्षू पादला. तेही दहाच. लेकीने हे सांगितल्यावर नातू दोन दिवस फक्त ओसाकाचाच होता.

पण माझं सगळ्यांत लाडकं गाणं तसं अलीकडचं. १९७५च्या डिसेंबरात आलेल्या 'तायाकी-कुन'च्या तबकडीने, म्हणजे माशाच्या आकाराच्या गोड पोळीवरच्या गाण्याने, ४५ लाखांहून जास्त खप केला. तिच्या मागच्या बाजूला 'इप्पोन देमो निन्जिन' होतं: एकच असलं तरी गाजर! कारण निन्जिनमध्ये 'नि'. दोन असले तरी 'सान'दल. पाच असली तरी 'रो'केट, कारण रोकु म्हणजे सहा. सात असल्या तरी हाचि, म्हणजे मधमाशी, आणि आठही. असं पुढे सरकत सरकत दहा असल्या तरी 'इचि'गो, म्हणजे स्ट्रॉबेरी, आणि गाडी पुन्हा एकावर.

पुण्याला परतताना विमानात झोप येईना, म्हणून याचं मराठी करायला घेतलं. दोन झाल्या तरी तिन्हीसांजा. तीन दाणे तरी चारोळ्या. चारच पानं तरी पाचोळा. पाच दगड तरी सहाण. सहा जण असले तरी सातारकर. सात उरल्या तरी आठवणी. आठ जणी नेसल्या तरी नऊवारी. नऊ वाट्या तरी दह्याच्या. दहा केल्या तरी एकादश्या. अडलं ते पहिल्यालाच. उतरता उतरता सुचलं, आणि घरी पोचल्या पोचल्या नातवाला फोन लावला.

"एकच असला तरी दोडका!"

तो थोडा वेळ बोटं मोजत बसला. मग म्हणाला, "आजी, दोडक्यात नुसता दो आहे. न कुठाय?"

"निन्जिनमध्ये नि आहे ना, तसंच."

"नि म्हणजे अख्खे दोन. दो म्हणजे हिंदी."