मैदानावर आखलेला गुंठा

सातवीला क्षेत्रफळाचा धडा चालला होता. खोलीची लांबी अमुक, रुंदी तमुक, फरशा किती बसतील, असली गणितं. मुलं सोडवत होती, उत्तरंही बरोबर येत होती. पण उत्तर १८ चौरस मीटर आलं काय नि १८० आलं काय, कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "गुंठा म्हणजे केवढा रे?"

आमची शाळा सांगोला तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. बहुतेकांच्या घरी थोडंफार रान, त्यात डाळिंब नाहीतर ज्वारी. गुंठा हा शब्द न ऐकलेलं पोर या वर्गात सापडणं अवघड. तरी उत्तरं आली ती अशी: "चार खोल्या बसत्यात सर." "आमच्या गोठ्याएवढा." "न्हाई, गोठा लई बारका हाय." एकाने तर दोन्ही हात पसरून दाखवला. भांडण जुंपलं. मला हेच हवं होतं.

प्रशिक्षणांत आम्हाला टाळ्यांचे प्रकार, कृतिगीतं, रंगीत कार्डं असं बरंच शिकवतात. माझा त्याला विरोध नाही, पहिली-दुसरीला ते छान चालतं. सातवीतलं पोर मात्र गाण्यावर तासभर हसतं आणि गणित होतं तिथंच राहतं. या वयात भांडायला काहीतरी लागतं, आणि ते भांडण मोजून मिटणारं असावं लागतं.

लांब उडीसाठीचा टेप, कबड्डीच्या वेळची उरलेली फक्की आणि पोहऱ्याचा दोर घेऊन सगळे मैदानावर आलो. मी एवढंच सांगितलं: गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. आखा. आणि मी लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. अशा वेळी शिक्षकाने तोंड बंद ठेवणं हेच सगळ्यात अवघड काम असतं.

चार खुंट्या ठोकल्या गेल्या. चारही बाजू टेपने मोजल्या, एकेक बाजू बरोबर ३३ फूट. फक्की पडली. मुलं खूश. पण कडेला उभी असलेली एक मुलगी मान तिरकी करून बघत म्हणाली, "सर, ह्यो गुंठा कलंडलाय."

खरंच कलंडला होता. पण बाजू तर चारही सारख्या! पुन्हा मोजल्या, पुन्हा ३३. मग ज्याचे वडील गवंडीकाम करतात तो मुलगा पुढं झाला. पाया आखताना वडील कोपऱ्यातून कोपऱ्यात आडवा टेप धरतात, दोन्ही मापं सारखी आली तरच काम गुण्यात, म्हणजे काटकोनात, हे त्याने बघितलं होतं. धरला टेप. एक कर्ण आला ४२ फूट, दुसरा ५० फूट ११ इंच.

"मग काय झालं? बाजू तर सारख्याच हायत," एकाचा प्रश्न. समभुज चौकोनाच्या क्षेत्रफळाचं सूत्र आठवीला येतं. त्या दिवशी ते मी तिथंच मातीत काडीने लिहिलं: कर्णांचा गुणाकार, त्याच्या निम्मे. उत्तर आलं सुमारे १०६९ चौरस फूट. आणि ३३ गुणिले ३३ किती? १०८९. वीस चौरस फूट जागा गेली कुठं?

वर्ग एकदम गप्प झाला. फरश्यांच्या गणितात वीस चौरस फूट चुकले तर चूक म्हणजे लाल शाईची एक फुली. इथं वीस चौरस फूट रान गेलं होतं.

दोराला १३२ फुटांवर गाठ मारून वेढा केला आणि चार कोपऱ्यांवर चौघांना उभं केलं. समोरासमोरच्या दोघांना म्हटलं, दोर ताठ ठेवून एकेक पाऊल मागं सरका. ते मागं सरकले तसे उरलेले दोघं आपोआप आत ओढले गेले. आणखी एक पाऊल. आणखी एक. चौकोन चपटा होत गेला, आतले दोघं एकमेकांवर आदळायला आले, आणि शेवटी दोराच्या दोन पदरांत फटही राहिली नाही. तिसऱ्या बाकावर एरवी खिडकीतून बाहेर बघत बसणारा एक जण ओरडला, "सर, बांध तेवढाच हाय, पण रान संपलं!"

परिमिती तीच ठेवून क्षेत्रफळ कमी-जास्त होऊ शकतं, हे वाक्य मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलो. त्या पोराचं वाक्य त्याहून चांगलं आहे. आता मी तेच वापरतो.

मग गुंठा सरळ केला. दोन्ही कर्ण ४६ फूट ८ इंच येईपर्यंत खुंट्या हलवल्या. एवढ्यात रस्त्याने जाणारे गावचे जुने कोतवाल कुंपणाशी थांबले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. "मोजणी लागली का काय शाळंची?" म्हणत आत आले. मी वाकून नमस्कार केला, म्हटलं तात्या, पोरांना साखळीचं सांगा. ते सुरू झाले. पूर्वी मोजणीला ३३ फुटांची साखळी असायची, तिचे सोळा भाग, एकेक भागाला आणा म्हणायचे. रुपयात सोळा आणे तसेच गुंठ्यातही सोळा आणे. काटकोन काढायला शंकू असायचा, तो रोवायचा आणि त्याच्या फटीतून बघून आडवी रेघ धरायची. "म्हंजे आमच्या वेळंलाबी ह्योच घोळ," तात्या म्हणाले. "कोन चुकला की भांडणं."

मुलांनी लगेच ३३ ला १६ ने भागलं. एक आणा म्हणजे २ फूट पाऊण इंच. अपूर्णांकाचा भागाकार करताना एरवी ज्यांना घाम फुटतो, तेही त्यात होते.

मी निघायच्या बेतात होतो, पण त्या कलंडलेला गुंठा ओळखणाऱ्या मुलीनेच विचारलं, "सर, सातबाऱ्यावर गुंठा नसतो. आर असतंय. ते आणि हे एकच का?"

गावात सगळे एकच धरतात. मी म्हटलं, आखून बघ. आर म्हणजे १० मीटर लांब, १० मीटर रुंद. तेवढा चौरस गुंठ्याच्या एका कोपऱ्याला धरून आखला. दोन बाजू जुळल्या आणि उरलेल्या दोन बाजूंना जेमतेम तीन बोटं रुंदीची पट्टी शिल्लक राहिली. ३३ फूट म्हणजे १० मीटर आणि वर सुमारे ६ सेंटिमीटर. त्यामुळे गुंठा भरतो १०१.१७ चौरस मीटर आणि आर १००. "एवढंच होय?" असं म्हणून काही जण वळलेही. ती मात्र तिथंच बसून मातीत हिशेब करत होती. चाळीस गुंठ्यांचा एकर म्हणजे ४०.४७ आर.

"आमच्या सातबाऱ्यावर ०.४० हेक्टर, म्हंजे ४० आर लिव्हलंय," ती म्हणाली. "आजोबा एकर म्हणत्यात. मग अर्धा गुंठा कुठं गेला?"

आता हे गणित उरलं नव्हतं. मी सावध झालो. तिला आणि सगळ्यांनाच सांगितलं की कागदावरचं ०.४० म्हणजे कुणी जमीन चोरली असं नाही. आजोबांचं "एकर" हे बोलण्यातलं एकर असेल, मुळात रान तेवढंच असेल, पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वेगळा दाखवला असेल. खरं काय ते मोजणी झाल्यावरच कळतं, आणि मोजणी भूमी अभिलेखवाले करतात, सातवीचा वर्ग नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावणं आणि ऐकणं यात किती अंतर असतं, ते शिक्षकाला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी परिपाठ संपायच्या आत फाटकाशी तीन पालक उभे. एकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला सातबारा. पालकसभेला निरोपावर निरोप धाडूनही जे कधी फिरकत नाहीत, त्यातले दोघं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तलाठी कार्यालयच शाळेत आणून बसवलंय. एक आजोबा म्हणाले, "गुर्जी, पोरगी रात्री जेवाना. म्हणती अर्धा गुंठा कमी हाय." मी त्यांना चहा दिला आणि पुन्हा तेच समजावलं.

मग मात्र मी एक केलं. सातबारा वर्गातच घेतला. आजोबांना पुढच्या बाकावर बसवलं आणि नातीला फळ्यापाशी उभं केलं. हेक्टर, आर, चौरस मीटर कुठं असतात, लागवडीयोग्य क्षेत्र कुठं, पोटखराबा कुठं, हे तिने आजोबांना समजावून सांगितलं, मी फक्त बोट दाखवत होतो. हेक्टर म्हणजे अडीच एकर असं आजोबा म्हणाले. तिने गुणून दाखवलं: २ एकर आणि पावणेएकोणीस गुंठ्यांच्या किंचित वर. "अडीचला वीस गुंठे लागत्यात आजोबा." आजोबांनी ते मान्य केलं नाही. पण बांधावर टेप घेऊन यायला त्यांनी तिला सांगितलं, ते माझ्यासमोरच.

पुढच्या आठवड्यात पुन्हा पुस्तकाकडे वळलो. आयताकृती हॉल, लांबी १२ मीटर, रुंदी ९ मीटर, क्षेत्रफळ काढा. वहीत कुणी काही लिहिना. विचारलं, काय झालं? गवंड्याचा मुलगा उभा राहिला.

"सर, कर्ण दिला न्हाई."

"अरे, आयत म्हटलंय ना."

"म्हटलंय. पण मोजलंय कुणी?"

पाठीमागून आवाज आला, "पंधरा पाहिजे, पंधरा!" आणि मला काही सुचायच्या आत निम्मा वर्ग नऊ आणि बारा यांचे वर्ग करायला लागला होता.