दुपारची बाग

नेरूळ, वैशाख

नवी मुंबईची आखणी करताना सिडकोने सेक्टरांमध्ये बागा आणि मैदाने यांसाठी जागा राखल्या. १९७० साली स्थापन झालेल्या या महामंडळाच्या त्या विचारामुळेच आज घरातून निघाल्यावर थोड्याच वेळात झाडांखाली पोहोचता येते, आणि हे मला फार मोलाचे वाटते. मात्र या हिरवाईचा लाभ कोणाला आणि कोणत्या वेळी होतो, हे पाहिल्यापासून मन अस्वस्थ आहे.

सकाळी बाग आमच्यासारख्यांची असते. फेऱ्या मारणारे, प्राणायाम करणारे आणि जास्वंदीच्या मुक्या कळ्याही खुडून परडीत टाकणारे, असे सगळेच तेथे भेटतात. ताम्हण सध्या ऐन बहरात आहे. तरी आपल्या या राज्यपुष्पाकडे मान वर करून पाहणारे थोडेच. परवा एका आजोबांनी खाली पडलेले फूल नातीच्या तळहातावर ठेवले, त्याच्या चुणीदार जांभळ्या पाकळ्या एकेक करून तिला मोजायला लावल्या आणि मधले पिवळे केसर दाखवले. ती सहापर्यंत मोजून थांबली व पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

दुपारी फाटकाला कुलूप लागते. देखभालीची, उपद्रव टाळण्याची कारणे सांगितली जातात आणि ती अगदीच निराधार आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्या दमट हवेत, जेथे अंगावरचा घाम वाळत नाही, तेथे सावलीची खरी निकड याच वेळी असते. एका घरचे काम आटोपून दुसऱ्या घरी जाण्याआधी घरकाम करणाऱ्या बायका पदपथावर बसून डबा उघडतात. त्यांच्या वाट्याला येते ती कुंपणाबाहेर झुकलेल्या सोनमोहराची सावली. घरोघरी सामान पोहोचवणारी मुले दुचाकीवरच पाठ टेकतात. आत बाके रिकामी असतात. डबा खाणाऱ्या बायकांतल्या एका मावशींना मी विचारले, "आत बसायला मिळालं तर बरं होईल ना?" त्या म्हणाल्या, "बसायचं राहू द्या काका, आत नळ आहे. पाणी तरी मिळेल."

निदान पावसाळा सुरू होईपर्यंत बाग दुपारी उघडी ठेवावी, असा अर्ज मी लिहून ठेवला आहे. उद्या सकाळी फेऱ्या मारणाऱ्या मंडळींच्या सह्या घेईन. बाग घाण होईल, असे काहीजण नक्कीच म्हणतील; जेवण झाल्यावर खरकटे कागद गोळा करून स्वतःच्या पिशवीत भरणाऱ्या त्या मावशींविषयी मी त्यांना सांगणार आहे.