ऑथर ती, कमिटर मी

घणसोलीला उतरून शेअर रिक्षाने महापे एमआयडीसीत पोहोचेपर्यंत सव्वानऊ झाले होते. मी बॅग खुर्चीला अडकवतेय तोवर ती समोर येऊन उभी. आमच्या टीममधली सगळ्यात नवी मुलगी, वसईहून गाड्या बदलत रोज येणारी. पाच महिने झाले होते, सहावा संपला की कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

“ताई, जरा बघता का? सरांनी कोणी किती काम केलं त्याची यादी काढलीय. पावती छापण्याचं मॉड्यूल मी केलं, पण त्यात माझे दोनच कमिट दिसतायत. बाकीचे सगळे तुमच्या नावावर.”

कोडमधला प्रत्येक बदल कोणी, कधी केला ते गिट नोंदवून ठेवतं; अशी एक नोंद म्हणजे कमिट. यादी म्हणजे गिटचा शॉर्टलॉग, कोणाच्या नावावर किती कमिट ते सांगणारा. त्या मॉड्यूलची एक ओळही मी लिहिलेली नव्हती आणि तिथे माझ्या नावावर 14 कमिट होते. तिचा आवाज अगदी हळू होता, जणू चूक तिचीच आहे. मला ते फार लागलं.

आधी मला वाटलं, तिच्या मशीनवर गिटमध्ये नावच भरलेलं नसेल. पण ते बरोबर होतं. मग एक कमिट कॅट-फाइल या गिटच्या आज्ञेने उघडून कच्च्या रूपात पाहिला. कमिट म्हणजे आत साधा मजकूरच असतो: ट्री (त्या वेळच्या सगळ्या फाइलींची स्थिती) कुठला, आधीचा कमिट कुठला, ऑथर कोण, कमिटर कोण, आणि शेवटी संदेश. ऑथर म्हणजे ज्याने काम लिहिलं तो, कमिटर म्हणजे ज्याने हा कमिट बनवला तो. दोघांच्या ओळीत नाव, ईमेल, वेळ आणि +0530. तिथे दोन्ही ओळींवर मीच होते. वेळही तीच, सोमवारी संध्याकाळी पावणेसातची. तीन आठवड्यांत केलेलं काम, आणि चौदाच्या चौदा कमिटांवर एकाच मिनिटाची वेळ.

सोमवारी पावणेसातला मी काय करत होते ते लगेच आठवलं. तिची ब्रँच, म्हणजे वेगळी ठेवलेली कामाची शाखा, मेनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य शाखेत, मर्ज करत होते.

मर्जच्या आधी ब्रँच नीट करायला आमची स्वतःची एक स्क्रिप्ट आहे. ती एकेक कमिट उचलते, मेनच्या टोकावर पुन्हा बसवते आणि संदेशात तिकीट नंबर घालते. गिटमध्ये याला रिबेस म्हणतात, त्याचाच प्रकार. दोन वर्षांपूर्वी ती मीच लिहिली होती. कमिट असा नव्याने बनवला की त्याचा 40 अक्षरी हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारी ओळख, बदलतो आणि त्याच्या पुढच्या सगळ्यांचाही बदलतो, कारण प्रत्येकाच्या पोटात आधीच्याचा हॅश असतो. कमिटर बदलणं त्यात ओघानेच आलं. पण ऑथर आणि त्याची वेळ बदलता कामा नये. रिबेस ते पाळतो, शेवटचा कमिट सुधारणारा अमेंडही पाळतो. माझ्या स्क्रिप्टने पाळलं नव्हतं.

सोमवारी तिसऱ्या कमिटला कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोन वेगळे बदल, आला होता. मी तो सोडवून स्क्रिप्ट पुढे चालू केली होती. पहिले दोन तिच्या नावावर, तिसऱ्यापासून माझ्या, याचा मेळ इथे बसला. आता चूक मुद्दाम घडवून पाहायची होती, आणि ती घडेना. स्क्रिप्टच्या टेस्ट चालवल्या, सगळ्या हिरव्या. त्यातली कॉन्फ्लिक्टची टेस्ट उघडली आणि दिसलं, की तिथे ऑथर आणि कमिटर म्हणून एकच नाव दिलंय. ऑथर हरवला आणि त्याच्या जागी कमिटर बसला, तरी ही टेस्ट पास व्हायची. मी दोन वेगळी नावं घातली, पुन्हा चालवली. ऑथर बरोबर आला!

दोन तास त्यात गेले. इतरांच्या ब्रँचमध्येही अधूनमधून कॉन्फ्लिक्ट येतात, ते मीच मर्ज करते, आणि त्यांची नावं शाबूत होती. मग हिचंच का? ब्रँचचं टोक आधी कुठे कुठे होतं ते नोंदवणाऱ्या माझ्या रेफलॉगमध्ये तिचे मूळ कमिट होते. कुठल्याच ब्रँचवर नसलेल्या कमिटची रेफलॉगमधली नोंद गिट सहसा 30 दिवस ठेवतं, तेवढा आधार होता. त्या मूळ ब्रँचवर स्क्रिप्ट चालवली, आणि तिसऱ्या कमिटपासून पुन्हा माझंच नाव.

ती शेजारी खुर्ची ओढून बसली होती. जेवायलाही गेली नव्हती. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाली, “ताई, माझ्या आडनावात ते वरचं चिन्ह आहे ना, त्याने नसेल होत? ऑनलाइन फॉर्म भरतानाही त्यावरच अडतं.”

वसईकडच्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांत असतं तसं तिचं आडनाव. इंग्रजीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफी येते.

कॉन्फ्लिक्टला थांबताना माझी स्क्रिप्ट ऑथरचं नाव, ईमेल आणि वेळ अशा तीन ओळी एका फाइलमध्ये लिहून ठेवायची, प्रत्येक ओळीत एकेरी अवतरणात. पुन्हा सुरू झाली, की पुढच्या प्रत्येक कमिटला अशीच फाइल लिहून ती शेलकडून, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामकडून, वाचून घ्यायची. तिच्या नावातली अपॉस्ट्रॉफी म्हणजे शेलच्या लेखी अवतरण संपल्याची खूण. तिथून पुढे उघडं काय आणि बंद काय याचा ताळमेळच सुटला. तीन ओळींत मिळून सात अवतरणचिन्हं, म्हणजे एक कायम उघडं. शेलने फाइल वाचायला नकार दिला, एरर दिली, आणि ती एरर मी डेव्ह-नलकडे, म्हणजे कुठेच दिसणार नाही अशी, वळवून ठेवली होती. ऑथर मिळाला नाही म्हणून गिटने मशीनच्या मालकाचं, म्हणजे माझं नाव घातलं. कुठे काही लाल झालं नाही.

गिटसुद्धा रिबेस थांबला की ऑथर-स्क्रिप्ट नावाच्या फाइलमध्ये हेच तपशील ठेवतं, आणि त्या फाइलच्या अवतरणचिन्हांतली चूक 2018 मध्ये गिटमध्येही दुरुस्त करावी लागली होती. गिटची कल्पना मी घेतली होती, तिच्यातली काळजी मात्र घेतली नव्हती.

दुरुस्ती छोटी निघाली. ती फाइलच काढून टाकली. आता थांबताना फक्त मूळ कमिटचा हॅश ठेवायचा, आणि पुढे जाताना ऑथर व वेळ त्या कमिटवरूनच उचलायची. गिटच्या कमिट आज्ञेला मोठा सी हा पर्याय दिला की हेच होतं. एरर दडवणाऱ्या ओळीही काढल्या. टेस्टना जास्त वेळ लागला. ऑथर आणि कमिटर नेहमी वेगळे. नावं अपॉस्ट्रॉफीची, देवनागरीतली, तीन शब्दांची. ऑथरची वेळ दुसऱ्या टाइमझोनमधली. कॉन्फ्लिक्ट पहिल्या कमिटला, मधल्याला आणि शेवटच्याला. दोन्ही वेळा आधीच ठरवून दिल्या, म्हणजे दर खेपेला हॅश तोच यायला हवा. शेवटी जुन्या आणि नव्या कमिटची ऑथर ओळ बाइट न् बाइट ताडून पाहायची. आधी त्या जुन्या स्क्रिप्टवर चालवल्या. अपॉस्ट्रॉफीच्या तिन्ही लाल झाल्या, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता मेनचं काय? लीडचं म्हणणं होतं, राहू दे, यादीत हाताने लिहू. सगळ्यांनी घेतलेला इतिहास बदलू नये हा नियम मीही नव्या मुलांना शिकवते. पण मला ते पटेना. एका नावाऐवजी दुसरं दाखवणाऱ्या मेलमॅपने भागत नव्हतं, त्याने माझे सगळेच कमिट तिच्या नावावर गेले असते. कमिटला वेगळ्या नोट्स जोडल्या तर त्या आपोआप कोणाकडे पोहोचत नाहीत. आणि यादी या महिन्यापुरती, कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारा ब्लेम मात्र वर्षानुवर्षं लोक बघतात. मी म्हटलं, “सर, रिलीजचा टॅग अजून लागलेला नाही, आणि नऊच्या नऊ जण आज याच मजल्यावर आहेत. उद्या हे करता येणार नाही.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग उठून सगळ्यांना सांगून आले, पाचच्या आत आपापलं काम सर्व्हरवर पुश करा आणि नंतर हात लावू नका.

तिचे चौदा आणि त्यानंतर इतरांचे आठ, असे 22 कमिट मी नव्याने बनवले. प्रत्येकाचा ट्री जसाच्या तसा, तिच्या चौदांवर ऑथर मूळ कमिटचा. पुश करण्यापूर्वी जुन्या टोकाचा ट्री हॅश तिने मोठ्याने वाचला, मी नव्याचा बघत होते. चाळीसच्या चाळीस अक्षरं तीच. म्हणजे कोडमध्ये स्वल्पविरामाचाही फरक नव्हता. मग जुन्या इतिहासावर नवा बसवणाऱ्या, पण मध्ये कोणी काही टाकलं असेल तर थांबणाऱ्या फोर्स-विथ-लीजने पुश केलं, आणि एकेकाच्या खुर्चीमागे उभं राहून त्याचा क्लोन, म्हणजे त्याच्या मशीनवरची प्रत, नव्या टोकावर आणून दिला.

सात वाजून गेले होते. अपॉस्ट्रॉफीची आणखी एक टेस्ट तिला सुचली होती, ईमेलमध्येही ते चिन्ह असेल तर. ती तिने स्वतः लिहिली, कमिट केली. मर्ज मी करणार होते, म्हणून मुद्दाम त्याच ओळीवर मेनमध्ये एक बदल केला, कॉन्फ्लिक्ट यावा म्हणून. आला. सोडवला, स्क्रिप्ट पुढे चालू केली, कॅट-फाइलने कमिट उघडला. ऑथरच्या ओळीवर तिचं पूर्ण नाव, चिन्हासकट, आणि तिने टेस्ट कमिट केली तीच वेळ. खाली कमिटर मी.