अक्का आली की पान उलटायचं

आज बेळगावात अनगोळला अक्काकडं गेलतो, भाचा एसएसएलसीला (दहावीला), इंग्लिश ग्रामर घेऊन बसलेला, बसलेला म्हणजे काय पुस्तकाच्या आत मोबाईल आणि अक्काची चाहूल लागली की पान उलटायचं. म्हटलं हेच तुझं एक्झाम्पल लिही, 'ही प्रिटेंडेड टू बी स्टडिंग'. तर म्हणतोय मामा, 'टू स्टडी' का नाही? अरे, आई आत आली त्याच घडीला अभ्यास चालूच होता असं दाखवायचं आहे ना तुला, चालू असलेलं काम म्हणजे टू बी आणि पुढं आयएनजी. 'ही सीम्स टू वर्क हार्ड' म्हटलं तर पोरगा एरवी कष्टाळू दिसतोय (तू नाहीस), आणि 'सीम्स टू बी वर्किंग' म्हणजे आत्ता या मिनिटाला करालाय (करतोय) असं वाटतंय.

'करालाय' म्हटल्यावर याची ट्यूब पेटली. "म्हणजे आपलं करालाय, जेवालाय सगळं आयएनजीच की मामा!" खरंच की, आमच्या सरांनी बोर्डावर नुसता फॉर्म्युला लिहून पाठ करायला लावलता, मला हे आज कळालं.

मग वहीत बघतोय तर 'टू बी स्टडी' लिहिलेलं, आयएनजी गायब. तेवढ्यात अक्का खायला गोड कुंदा घेऊन आली आणि ह्यानं पान उलटलं.