गॅरंटीचा माळढोक: जैसलमेरला जाणाऱ्यांसाठी

जैसलमेरमध्ये कुणी 'गोडावण दाखवतो, गॅरंटी' म्हणालं (गोडावण म्हणजे आपला माळढोक), तर हात जोडा आणि पुढे चला. जगभरात रानात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक याच जिल्ह्यात, आणि तेही हजारो चौरस किलोमीटरवर विखुरलेले. अशा पक्ष्याची गॅरंटी देणारा माणूस एकतर थाप मारतोय, नाहीतर पक्षी दिसावा म्हणून तो जे करणार आहे ते तुम्हाला बघवणार नाही. आमच्या वाट्याला दुसरा प्रकार आला.

सोबत दाजी होते. मूळचे सोलापूरचे. ऐंशीच्या दशकात नान्नजला एसटीने जाऊन माळढोक बघून संध्याकाळी घरी परतणारी ती पिढी. नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं. तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं, शेतं, बाजारपेठा आल्या. पुढे ते कापून १,२२२ वर आणलं. तोवर माळावर ऊस पोचला होता आणि पक्षी जवळपास संपला होता. म्हणून आता सोलापूरच्या माणसाला माळढोक बघायला थरच्या वाळवंटात यावं लागतं. दाजी हे वाक्य प्रवासभर प्रत्येक चहावाल्याला ऐकवत होते.

सौदा हॉटेलच्या काउंटरवर ठरला. सकाळची जीप, सुदासरी (डेझर्ट नॅशनल पार्कमधला माळढोकांचा भाग) आणि परत, चार हजार, सगळं धरून. परवान्याचं विचारलं तर 'वो सब हम देख लेंगे साब'. हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. डेझर्ट नॅशनल पार्कचा परवाना वनखात्याकडून रीतसर मिळतो, जैसलमेरमध्ये त्यांचं कार्यालय आहे, आदल्या दिवशी आधार कार्ड घेऊन स्वतः जा आणि पावती स्वतःच्या खिशात ठेवा. आमच्याकडून 'कॅमेरा चार्ज' म्हणून घेतलेल्या पैशांची पावती आम्हाला शेवटपर्यंत दिसली नाही.

निघायची वेळही काउंटरवाल्याने पहाटे पाचची दिली होती. आपल्याकडची सवय म्हणून आपण हो म्हणतो. पण जैसलमेर देशाच्या पार पश्चिमेला आहे, डिसेंबर-जानेवारीत तिथे सूर्य उगवायला साडेसात होतात. उघड्या जीपमध्ये काळोखात तास-दीड तास कुडकुडण्याचं काही कारण नाही. सहाला निघालात तरी उजेडाच्या आत पोचता. पाचला नेतात कारण नऊला परत आणून त्याच जीपवर दुसरं गिऱ्हाईक घ्यायचं असतं.

आता कच्च्या वाटेचा तो पट्टा. सुदासरीची कुंपणं घातलेली क्षेत्रं बाहेरून बघून झाली, चिंकारा दिसले, पखुर्ड्यांचा एक थवा गेला, गोडावण नाही. पठ्ठ्याने डांबरी सोडली आणि खुरीच्या दिशेने कच्च्यात जीप घातली. नकाशावर ही वाट बारीक रेघ म्हणून दिसते. प्रत्यक्षात आधी दगडाळ कडक जमीन, मग अचानक पिठासारखी वाळू, मग पुन्हा दगड. मागच्या आडव्या बाकावर बसलेल्याने कशाला धरायचं हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. वाळूत शिरताना टायरमधली हवा कमी करतात. हा गडी काही थांबला नाही. चाकं अर्धी रुतली. मग उतरा, ढकला, खींपाच्या फांद्या मोडून चाकाखाली घाला, पुन्हा ढकला. निघालो आणि पुढच्या वाळूत पुन्हा तेच. दाजींचा पाठदुखीचा पट्टा हॉटेलवर राहिला होता. "पाव्हणं, हे काय खरं नाय," एवढंच म्हणाले, पण ज्या आवाजात म्हणाले त्यावरून पुढचे दोन दिवस काय होणार ते कळलं. पाठीचा त्रास असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. ज्यांना त्रास नाही त्यांनीही जाऊ नये, कारण तिथे जाऊन जे घडतं ते असं.

सेवण गवताचे झुबके असलेला मोठा सपाट तुकडा लागला आणि ड्रायव्हरने जीप वाटेवरून काढून सरळ गवतात घातली. नागमोडी, इकडून तिकडे, हॉर्न मारत. काय करतोय ते कळेपर्यंत साधारण दीडशे मीटरवर गवतातून एक मादी उठली. डोक्यावरची काळी टोपी, मान राखाडी-पांढरी, आणि पंख उघडले तेव्हा लक्षात आलं की एवढं मोठं धूड आपण पुस्तकातून कधीच नीट समजून घेतलेलं नव्हतं. ती जड, संथ, जमिनीपासून फार वर न जाता उडत गेली. आणि जिकडे गेली तिकडे विजेची लाइन होती.

वाचली. तारांच्या खालून गेली की वरून, ते दुर्बिणीतूनही कळलं नाही, पण पलीकडे उतरताना दिसली. ड्रायव्हर मागे वळून हसत म्हणाला, "देखा साब? गॅरंटी बोला था." दाजी त्याच्यावर मराठीत ओरडले, आणि ते त्याला नीट समजलं.

हे का भयंकर आहे ते सांगतो. माळढोकाची दृष्टी बाजूला चांगली, समोर कमजोर, त्यात उडताना खाली जमीन न्याहाळत जायची सवय. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. तार शेवटच्या क्षणी दिसली तरी एवढं अंग वळत नाही. वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या अभ्यासाचा अंदाज असा की थरमध्ये वर्षाला अठराएक माळढोक तारांवर आपटून मरतात. एकूण दीडशेतले अठरा, आणि मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, कुत्र्या-कोल्ह्यांच्या वाटेत. हा हिशोब कसाही मांडा, जुळत नाही. त्याच संस्थेने पार्कच्या परिसरातल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये तारांमुळे वर्षाला ८४ हजारांच्या आसपास पक्षी मरत असावेत असा अंदाज दिला होता, सगळ्या जातींचे मिळून. जी जीप पक्ष्याला उडवते ती त्याला या जुगारात एक जास्तीचा डाव खेळायला लावते.

परत आल्यावर पैशांचं. ठरले चार, मागितले साडेसहा हजार. म्हणे चार जीपचे, बाकी 'साइटिंग'चे, गोडावण दिसला ना? हे आधी बोलला नव्हतास म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस शांतपणे म्हणाला, सगळे देतात. आम्ही चार दिले आणि त्याच दुपारी खोली सोडली. तुम्हीही सोडा. जीप ठरवताना एकूण रक्कम, किती तास, वाट सोडणार नाही, आणि पक्षी दिसो न दिसो एकच भाव, हे चार मुद्दे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. चौथ्यावर जो कां-कूं करेल तो तुमचा माणूस नाही.

सम या वाळूच्या टेकड्यांच्या गावातल्या तंबूंबद्दल एका वाक्यात: राहू नका. रात्री अकरापर्यंत डीजे, कालबेलिया लोकनृत्याच्या नावावर सिनेमातली गाणी, अधूनमधून फटाके. आणि मागे टाकलेल्या जेवणावर पोसलेली कुत्री. ही कुत्री फक्त त्रास म्हणून सांगत नाही. टोळीने चिंकारा फाडतात, जमिनीवरची अंडी-पिल्लं खातात. तंबूच्या मागे उष्ट्याचा जो ढीग दिसतो त्याची किंमत गवतातला पक्षी मोजतो.

आम्ही खुरीकडच्या एका घरात राहायला गेलो. साधी खोली, बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, ताक. त्या घरच्या मुलाने एक वाक्य बोलून आमचा विश्वास मिळवला: "दिखेगा या नहीं, मैं नहीं बोल सकता." अशा माणसाला पैसे द्या, मागेल तेवढे द्या.

त्याची पद्धत अशी. गाडी डांबरीवर उभी. टेकाडाच्या कडेला खेजडीच्या झाडाखाली स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची लांब पल्ल्याची दुर्बीण, लावायचा आणि बसायचं. चालायचं नाही, बोलायचं नाही. थंडी एवढी की स्कोपचा स्क्रू बोटांना फिरवता येईना. आधी दीड तास चंडोल, एक वाळवंटी खोकड, आणि झुडपाच्या टोकावर स्टोलिक्झाचा गप्पीदास, ज्यासाठी एरवी लोक वेगळी ट्रिप काढतात. मग त्या पोराने बोटही न हलवता फक्त हनुवटीने दिशा दाखवली.

नर होता. किलोमीटरभर लांब असेल. स्कोपमध्ये अंगठ्याच्या नखाएवढा. पण चालत होता. माळढोकाचं ते चालणं, दोन पावलं, थांबणं, मान ताठ, चोच किंचित वर, पुन्हा दोन पावलं. गवतात टोळ का काय उचलला, पुन्हा चालू. त्याला आमची कल्पनाच नव्हती. अर्धा तास तरी बघितला असेल. दाजी स्कोपवरून हटेनात, मी दोनदा खांदा हलवला तर "थांब की, नान्नजनंतर आज बघतोय." साडेनऊनंतर ऊन चढलं, जमिनीवरची हवा थरथरायला लागली आणि पक्षी त्यातच विरघळला.

त्यामुळे माझा सल्ला ठाम आहे, कुणाला राग आला तर येऊ दे: कॅमेऱ्याची सहाशे मिलिमीटरची लेन्स घरी ठेवा, स्कोप आणा. माळढोकाचा फ्रेमभर फोटो बघितलात की आधी विचारा, तो पक्षी उडवून काढलाय का. मी एकही फोटो न काढता परतलो आणि त्या सकाळच्या आनंदात आहे.

तो मुलगा दुपारी आम्हाला देगराय मातेच्या ओरणाकडे घेऊन गेला. ओरण म्हणजे आपल्या देवराईचीच बहीण, देवीच्या नावाने सोडलेली जमीन, झाडावर कुऱ्हाड चालत नाही, गुरं-उंट चरतात. त्यावरूनच आता मोठाल्या ट्रान्समिशन लाइन गेल्यात, आजूबाजूला सोलर, पवनचक्क्या. गावकरी वर्षानुवर्षं या लाइनींच्या विरोधात भांडतायत. एका लाइनखाली गिधाडाची पिसं आणि एक आख्खा पंख पडलेला होता, मुळाशी हाड अजून ओलसर. वरच्या तारेवर पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून लावलेल्या चकत्या होत्या. एक गरगरत होती, तिच्या शेजारची अडकून उलटी बसली होती, आणि पुढच्या दोन खांबांमधल्या तारेवर नुसतेच क्लिप. लावल्याची नोंद कुठल्यातरी रजिस्टरमध्ये पूर्ण असणार.

सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी या पट्ट्यातल्या तारा जमिनीखाली घ्या, जिथे शक्य नाही तिथे चकत्या लावा, असा आदेश दिला होता. सरकार म्हणालं सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरवर हे जमणार नाही, सौरऊर्जेचं काय. २१ मार्च २०२४ ला तो सरसकट आदेश मागे घेऊन काम तज्ज्ञ समितीकडे दिलं. मला सौरऊर्जेशी भांडण नाही, माझ्याच गच्चीवर पॅनेल आहे. पण कोळशाला पर्याय उभा करताना खर्च वाचवायला ओरणाच्या डोक्यावरून तार ओढायची, ही कंजुषी झाली.

सम आणि रामदेवरा इथे माळढोकांची पैदास केंद्रं आहेत. समचं २०१९ चं, रामदेवराचं २०२२ चं. पन्नासच्या वर पक्षी तिथे आहेत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं, रामदेवराच्या नराचं वीर्य दोनशेएक किलोमीटरवरच्या समच्या केंद्रात, म्हणजे सुदासरीला, नेऊन. ऐकून ऊर भरून येतो. तिथे पर्यटकांना प्रवेश नाही, 'ओळख आहे, आत नेतो' म्हणणाऱ्यालाही चार हजार देऊ नका. पिल्लं मोठी करून सोडायची कुठे, हा प्रश्न मात्र त्या केंद्राच्या कुंपणाबाहेरचा आहे, आणि कुंपणाबाहेर काय आहे ते आम्ही लाइनखाली बघून आलो होतो.

फलोदीजवळ खीचनला कांड्या करकोचे बघितले, हजारोंनी, छान आहे, सोपं आहे, कुणीही जाऊ शकतं. जोधपूरला येता-जाता करा.

बाकी किरकोळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. उन्हाळा-पावसाळ्यात अंडी-पिल्लांचा काळ असतो, तेव्हा गवताच्या आसपासही फिरकू नका. फ्लीस, ट्रेकिंग पँट बिनधास्त आणा, पण ती भुरटाने खराब होणार हे धरून चाला. भुरट म्हणजे तिथल्या गवताचं काटेरी कुसळ. मोज्यात शिरलं की निघत नाही, ओढलं की बोटात जातं, बोटातून काढलं की दुसऱ्या बोटात. लोकरी मोजे अजिबात नकोत. दाजींचे दोन जोड तिथेच टाकून यावे लागले. बारीक चिमटा आणि टेप जवळ ठेवा. सीमेजवळचा भाग आहे, ओळखपत्र नेहमी खिशात ठेवा, आणि ड्रोन घेऊन जाणाऱ्याला सैन्याने धरलं तर माझी सहानुभूती सैन्याला.

पाठीचा पट्टा विसरू नका. आणि हॉटेलच्या काउंटरवर काहीही बुक करू नका, उंटसुद्धा नाही.