तुम्ही विचारलंत म्हणून: हुरडा आदल्या रात्रीच का?

"हुरड्यावर एवढा खर्च कशाला करता? तेच पैसे बक्षिसात घाला की. आणि पार्टी करायचीच असेल तर शर्यत झाल्यावर करा, आदल्या रात्री कोण करतं?"

सासवडच्या पुढे, पुरंदरच्या डोंगररांगेखाली आम्ही काही मित्रमैत्रिणी गावकऱ्यांसोबत दर हिवाळ्यात माउंटन बाइकची शर्यत भरवतो. शनिवारी संध्याकाळी हुरडा, रविवारी सकाळी शर्यत, दुपारी मटण-भाकरी आणि आवराआवर. वरचा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. पहिल्यांदा येणारे विचारतात, कसलेले स्पर्धक विचारतात, आणि आपला फलक कुठे लागेल याची चौकशी करून झाली की प्रायोजकही हेच विचारतात.

माझं उत्तर असं, की हुरडा काढून टाकला तर दोन-तीन वर्षांत शर्यतच उरणार नाही.

आधी फेरा कसा आहे ते सांगते. एक फेरा साधारण सात किलोमीटरचा. देवळामागच्या पटांगणातून सुरुवात, मग बैलगाडीची वाट, गायरानातला मुरमाड चढ, माथ्यावर मेंढरांनी पाडलेली पायवाट, खाली ओढा, ओढ्यापलीकडे तीन शेतांचे बांध आणि पुन्हा पटांगण. यातली वीतभर जागाही आमची नाही. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आम्ही घेतो, पोलीस ठाण्याला पत्र देतो, वनखात्याची हद्द लागते तिथून वाट अलीकडेच वळवून घेतो. कागद सगळे चोख असतात. पण बांधावरून सायकल जाऊ द्यायची की नाही हे शेवटी ज्याचा कांदा त्या बांधाखाली उभा आहे तो ठरवतो. आणि वळणावर उभं राहायला माणूस काही दाखल्यामुळे येत नाही.

ही वळणावरची माणसं म्हणजे शर्यतीचा कणा. अशा फेऱ्याला पंधरा-वीस ठिकाणी कोणीतरी उभं लागतं. गुरं वाटेत येऊ द्यायची नाहीत, आंधळ्या वळणाआधी हात करायचा, नंबर टिपून घ्यायचे. डोंगरामागे मोबाइलला रेंज नसते, म्हणून कोणी पडलं की निरोप एका वळणावरून दुसऱ्या वळणावर हाकेने येतो. या खेळात कॉलरबोन मोडणं ही नेहमीची दुखापत. मोडलेल्या माणसाला माथ्यावरून खाली आणायचं तर ट्रॅक्टर कुठून आत शिरू शकतो ते माहीत हवं, आणि ते गावातल्या पोरांनाच माहीत असतं. १०८ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथून पुढे गावच आपलं.

आता आदली रात्रच का, ते.

एका वर्षी हुरड्याच्या आगटीभोवती बसलो होतो. दिवसभर फेऱ्यावर खुणेची फक्की (चुन्याची पांढरी पूड) मारून झाली होती आणि कुठे तीव्र उतार आहे, कुठे उतरून चालायचं, हे मी नव्या लोकांना समजावत होते. ज्यांच्या बांधावरून वाट जाते ते अण्णा कणसं उलटीपालटी करत ऐकत होते. मधेच म्हणाले, "ताई, ह्या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. बाराच्या पुढं येईल. कांद्याला पाणी सोडायचंय, बांध सकाळी ओला असणार."

शेतीपंपाची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी आलटूनपालटून येते. ज्याला शेती आहे त्याचं सगळं वेळापत्रक त्या लाईटवर चालतं. ज्याला नाही त्याला हे ठाऊकही नसतं. काळ्या मातीचा बांध ओला झाला, की चिखल टायर आणि फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मधे गच्च बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. त्याहून वाईट म्हणजे साठ-सत्तर सायकली तीन-तीनदा त्यावरून गेल्या तर बांध फुटतो आणि पाणी शेजारच्या रानात जातं. अण्णांना पाणी थांबवा म्हणणं शक्यच नव्हतं. लाईट जाईल ती पुन्हा कधी येईल, आणि कांदा कोणासाठी थांबतो? मग आम्ही दोघं-तिघं बॅटऱ्या घेऊन उठलो, अण्णांचा मुलगा पुढे झाला, वरच्या अंगाच्या पडीक रानातून त्याने वाट दाखवली, तिथे फक्की मारली, बाभळींना रिबिनी बांधल्या आणि परत येऊन हुरड्याला बसलो. हे फोनवर चौकशी करून कळलं नसतं, कारण हे विचारायला हवं हेच आम्हाला सुचलं नसतं.

मेंढपाळ मामांचंही तसंच. खतासाठी कोणाच्या रानात मेंढरं बसवली आहेत आणि सकाळी कळप कोणत्या अंगाने चरायला निघणार, हे शनिवारी रात्री मामांच्या तोंडून कळतं. उतारावर सुसाट सुटलेला सायकलस्वार आणि पायवाट भरून चाललेली मेंढरं समोरासमोर आली तर दोघांचंही नुकसान. त्यांचा बेत ऐकूनच आम्ही सुटण्याची वेळ पक्की करतो. आठची शर्यत साडेआठला सोडावी लागली तर सोडतो. अर्ध्या तासाने कोणाचं काही बिघडत नाही.

शिवाय तारीख ठरवायलाही ज्वारीच लागते. दाणा दुधात असतो तोवर पाणचट लागतो, चिकात आला की हुरडा, आणि कडक झाला की वेळ गेली. एका पेरणीचा हा काळ जेमतेम आठवडा-दहा दिवसांचा. अण्णा खास हुरड्यासाठी अर्धा एकर टप्प्याटप्प्याने पेरतात, त्यात फुले उत्तरा वाण असतो, थोडी सुरती असते. डिसेंबर उजाडला की आम्ही विचारतो, आणि ते रानात जाऊन दाणा दाताखाली चावून शनिवार सांगतात. सायकलींच्या दृष्टीनेही तेच दिवस बरे. ओल गेलेली असते, मुरूम दबलेला असतो, ऊन सोसवतं. पावसाळ्यात इथे सायकल घालू नये असं माझं ठाम मत आहे. ओल्या मातीत चाकांनी पडलेली चर पुढच्या सरीत ओघळ होते, आणि गुरांना वर चढायला वाट राहत नाही. मग हिवाळ्यात त्या गुरांच्या मालकाकडे कोणत्या तोंडाने जायचं?

हुरडा खाल्लेल्यांना सांगायला नको, पण न खाल्लेल्यांसाठी लिहिते. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांचा आर पाडायचा, कणसं त्या राखेत खुपसायची, वास सुटला की बाहेर काढायची आणि गरम असतानाच तळहातांवर चोळायची. फोल सुपात पाखडून उडवायचं. खाली राहतो तो हिरवागार, मऊ, गोड दाणा. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. सरावात पडून तळहात सोललेला एखादा पोरगा असतोच. त्याला गरम कणीस चोळवत नाही. मग शेजारी बसलेली आजी न बोलता त्याच्या वाटणीचं कणीस चोळून त्याच्या रुमालात ओतते. हाच पोरगा दुसऱ्या दिवशी तिच्या दारावरून जाताना ब्रेक दाबतो. तिथे फलक लावावा लागत नाही.

या खेळाचा इतिहासही माझ्या बाजूने आहे. पहिली गाजलेली शर्यत झाली ती कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळ, २१ ऑक्टोबर १९७६ला. मोडीतल्या जड सायकली, तीनेक किलोमीटरचा मातीचा उतार आणि उतरताना तापून ग्रीस जळणारे ब्रेक. चार्ली केली हा त्यांच्यातलाच एकजण घड्याळ आणि वही घेऊन वेळा लिहायचा. तिथून वीस वर्षांत, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. पण ज्या टॅमलपाईस डोंगराच्या परिसरात तो जन्मला, तिथल्या बहुतेक अरुंद पायवाटा मधल्या काळात सायकलींना बंद झाल्या. पायी फिरणारे, घोड्यावरून फिरणारे आणि सायकलवाले यांचे खटके उडत राहिले. रुंद वाटांवरही ताशी १५ मैलांची आणि आंधळ्या वळणावर ५ मैलांची मर्यादा आली. ऑलिंपिक मिळालं आणि घरची वाट गेली. आमच्या माळावर तसं व्हायला नको असेल तर ती वाट वापरणाऱ्या सगळ्यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र जेवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

"मग निदान पार्टीसारखी पार्टी तरी करा," असं काहीजण म्हणतात. डीजे नाही, दारू नाही. दुसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक धरायचे आहेत हे कारण पुरेसं आहे, पण दुसरंही आहे. सासवडच्या माळरानांवर अजून लांडगे आहेत. रात्री माळ त्यांचा असतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक कायद्यानेच बंद असतो, आम्ही तो लावतच नाही. अंधार पडल्यावर माथ्यावर सायकल न्यायची नाही. आणि वाळलेल्या गवतात विडी-सिगारेट कोणी पेटवायची नाही. जानेवारीतला वणवा एका ठिणगीने लागतो आणि मेंढरांचा पुढच्या चार महिन्यांचा चारा घेऊन जातो. आगटी असते ती नांगरलेल्या रानात, शेजारी पाण्याचे ड्रम भरून. गाणी होतात, पण गळ्यातून. गावातली भजनी मंडळी पखवाज-टाळ घेऊन येतात आणि दहाच्या आत उठतात.

आता बक्षिसाचं. रक्कम वाढवली की कोण येईल हे मी इतर ठिकाणी पाहिलंय. वेगवान मंडळी सकाळी गाडीतून येतात, जिंकतात आणि बक्षीस समारंभ संपायच्या आत घाट उतरतात. त्यांचा यात काही दोष नाही, तो त्यांचा व्यवसाय आहे. पण मोठ्या रकमेसोबत वादही येतात, कोणी कुठे आडवाट मारली, कोणाची वेळ कोणी चुकीची लिहिली. आणि बांधावर उभ्या असलेल्या नववीतल्या मुलाला त्या वादात साक्षीला उभं करायचं? आमच्याकडे पहिल्या नंबराला ज्वारीचं पोतं आणि टायरची जोडी, दुसऱ्याला आणि तिसऱ्याला सुक्या अंजिरांचा डबा. पुरुष आणि महिला दोन्ही गटांना सारखंच. पोतं खांद्यावर घेऊन काढलेले फोटो लोकांनी घरात लावलेले मी पाहिलेत.

मोठ्या स्पर्धांमध्ये आघाडीच्या स्पर्धकापेक्षा जो फारच मागे पडतो त्याला बाहेर काढतात. तिथे टीव्हीची वेळ असते, फेरा छोटा असतो, ते योग्यच आहे. आम्ही कोणालाच काढत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या एक ताई दर वर्षी शेवटच्या येतात. ओढ्यावर उभा राहणारा मुलगा आदल्या रात्री त्यांच्या शेजारी बसून हुरडा खातो आणि सांगतो, "तुम्ही गेल्याशिवाय मी हलणार नाही." आणि हलत नाही. रोजंदारीवर आणलेला माणूस दुपारी बारा वाजता घरी गेला असता, आणि त्यालाही दोष देता आला नसता.

खर्चाचा आकडा विचारणाऱ्यांसाठी: हुरडा, पिठलं-भाकरी आणि दुसऱ्या दिवशीचं मटण असं सगळं मिळून आमच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग होतो. त्यातला बराचसा पैसा गावातच जातो, ज्वारीवाल्याला, बोकडवाल्याला, भाकऱ्या थापणाऱ्या बचतगटाला. डॉक्टर आणि विमा यांवर काटकसर करत नाही. टी-शर्ट मात्र बंद केलेत. कोणाकडे कमी नाहीत.

यंदा येणार असाल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. टायर ट्यूबलेस करून आणि ताजं सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरून आणा, बाभळीचा काटा साध्या ट्यूबला दया दाखवत नाही. मोजे उंच घाला, या दिवसांत कुसळं घोट्याला शिवून टाकतात. अंथरूण-पांघरूण आपलं आपण, पहाटे थंडी बोचते. हुरड्यावर ताक प्या, पाणी ढसाढसा पिऊ नका, पोट फुगतं. रविवारी जेवल्यावर प्रत्येकाला फेऱ्याचा एक तुकडा वाटून दिला जातो. त्यावरच्या रिबिनी, एनर्जी जेलची पाकिटं, तुटलेले प्लास्टिकचे झिपटाय गोळा करून आणायचे आणि बांधाचा ढासळलेला दगड जागच्या जागी लावायचा.

आणि नंबर प्लेट शनिवारी संध्याकाळी आगटीपाशीच मिळते, रविवारी सकाळी मिळत नाही. रुग्णालयात किंवा कारखान्यात शिफ्ट असेल तर आधी कळवा, रात्री उशिरा आलात तरी तुमची कणसं बाजूला ठेवलेली असतील. बाकी कोणाला सूट नाही.